देवकीचा रगडा

मिलकाबाईंनी ताट सरकवलं ते बोटांच्या मागच्या बाजूनं. ढकललं नाही, आपटलं नाही, तोंडही वाकडं केलं नाही. नुसती नखांची बाजू ताटाच्या कडेला लावली आणि ताट टेबलावर वीतभर पुढं गेलं. वालाच्या बिरड्याचा थेंबसुद्धा सांडला नाही. कमलाक्षी भाताचं पातेलं घेऊन त्यांच्या खुर्चीमागं उभी होती. ताट सरकवायची ही तऱ्हा तिच्या ओळखीची होती. आख्ख्या डिचोली तालुक्यात ती एकाच बाईची होती, आणि त्या बाईची, म्हणजे कमलाक्षीच्या सासूची, देवकीची, राख नदीत सोडून कैक वर्षं झाली होती. ‘यात सोडे आहेत,’ मिलकाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. टेबलावरच्या बाकीच्या सहा म्हाताऱ्यांचे घास हातातच राहिले. सोडे म्हणजे सुकी सुंगटं, वाळवलेली कोळंबी, आणि समुद्रातलं जे काही बिनखवल्यांचं, बिनपरांचं असेल ते या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. सुंगटं तर नाहीच नाही. कमलाक्षीनं पातेलं खाली ठेवलं आणि जमेल तेवढ्या शांतपणे म्हटलं, ‘नाय ओ आजी, खंयची सुंगटां?’ मिलकाबाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. ‘तू घातलेस असं मी म्हणत नाही. पण आहेत.’ मग काठी घेऊन त्या आपल्या खोलीत निघून गेल्या.

आता कारापुरात यहुदी म्हाताऱ्यांचं घर आलं कुठून, असं नवा माणूस हटकून विचारतो, आणि विचारावंच. गोवा मुक्त झाल्यावर खाणी फोफावल्या तेव्हा अलिबागेकडचा एक बेने इस्रायल इंजिनियर इकडं आला, खाणीवरच उमर काढली, आणि मरताना साखळी गावाच्या वाटेवरचा आपला बंगला जातभाईंच्या ट्रस्टला देऊन गेला. पेण, रोहा, रेवदंड्याकडची ज्यांची मुलंबाळं इस्रायलला गेली, पण ज्यांना स्वतःला त्या वाळूत आणि त्या परक्या भाषेत मरायचं नव्हतं, अशी माणसं इथं येऊन राहिली. स्वैपाकाच्या कामाला आली तेव्हा कमलाक्षीला आधी वाटलेलं, कुणी गोरे साहेबमडमा असतील. बघते तर मिलकाबाई रोहेकर, सुती पातळ, अंबाड्यात अबोली, आणि पहिला प्रश्न काय, तर कोकमाचं आगळ घरचं की विकतचं. ती घरचंच म्हणाली तशी मिलकाबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि आपल्या जेवणाचा सगळा नेम सांगितला. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, दोघांची गाठ कधीच पडायची नाही, मोरीवरसुद्धा नाही. मटण जेवल्यावर चहा कोरा. मटण तरी कुठलं, ठाण्याहून त्यांचे हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारे पुजारी, अधूनमधून येत, त्यांनी स्वतः कापलेलंच. अंडं फोडून आधी बशीत बघायचं, रक्ताचा टिपका दिसला की टाकायचं. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत शनिवारचंही रांधून पत्र्याखालच्या मंद आचेवर ठेवायचं, कारण शनिवारी विस्तव पेटवायचा नाही. आणि रोजचा गॅस पेटवणार त्यांच्यातलाच कुणीतरी. ते काम हायमकाका पेणकरांनी घेतलं होतं. सकाळी स्वैपाकघरात येऊन काडी ओढायचे, ‘घे, तुझी लंका पेटवली,’ म्हणायचे आणि पेपर वाचायला जायचे.

कमलाक्षीला हे सगळं जड गेलं असं कुणाला वाटेल, तर ते खोटं. तिला ते इतकं आवडलं की तिची तिलाच गंमत वाटायची. आठवड्याचा बेत ती रविवारी डोक्यात मांडून ठेवी. सोमवारी वाल, म्हणजे आदल्या रात्री भिजत. मंगळवारी दह्याचं काही, म्हणजे त्या दिवशी मटणाची लाल पट्टीची भांडी कपाटातून बाहेरच काढायची नाहीत. हजान यायचे असतील तर मटणाच्या मागंपुढं दूध कसं बसवायचं. हायमकाकांना साखर वर्ज्य, मिलकाबाईंना दात नाहीत. डिचोलीच्या बाजारात मासेवाल्या तिला लांबून बघूनच हसत. ‘आयलें गे खवळ्यांचें गिरायक!’ ती शेवटो घेई, चणक घेई, खवले बोटानं उलटे घासून बघे आणि सुंगटांच्या ढिगावरनं सावलीसुद्धा पडू नये अशी वळसा घालून जाई. घरी मात्र सुंगटं खाई, चवीनं खाई. घरचं ते घरी. पण या बंगल्याच्या पायरीवर ती पाय धुई, आणि आत शिरली की तिला वाटे, आपण कुणीतरी आहोत. ज्यांचा नेम एवढा कडक, ती सात माणसं दोन वेळा आपल्या हातचं जेवतात. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याला, शंभूलाही नाही.

कारण शंभूला सांगायचं म्हणजे देवकीचं नाव काढावं लागलं असतं. कमलाक्षी दोडामार्गाकडची. आईबापांबरोबर लहानपणी खाणीवर आली, मातीच्या पाट्या उचलल्या, आणि पाटी उचलता उचलताच ट्रक चालवणाऱ्या शंभूच्या डोळ्यांत भरली. देवकीनं लग्न अडवलं नाही. तिनं फक्त सुनेच्या हातचं खाल्लं नाही. ‘खाणीवरची’ एवढाच शब्द ती वापरी, तोही दुसऱ्यांशी बोलताना. कमलाक्षी पान वाढी, देवकी बोटांच्या मागच्या बाजूनं ते सरकवी आणि उठून स्वतःपुरता भात टाकी. भांडण नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं, उलटी देता आली असती. पुढं देवकी अंथरुणाला खिळली आणि मग कमलाक्षीच्या हातची पेज प्याली, मरेपर्यंत प्याली. पण ती दुसरा हात नव्हता म्हणून प्याली की सून मानली म्हणून, ते काही कमलाक्षीला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही. चमचा तोंडाशी नेताना ती म्हातारीच्या डोळ्यांत बघे, आणि म्हातारी आढ्याकडं बघे.

म्हणून सोमवारच्या त्या वीतभर सरकलेल्या ताटानं तिचं डोकं असं भणाणलं. वाईट वाटायच्या आधी राग आला. एवढं करून हेच. मंगळवारीही मिलकाबाई जेवल्या नाहीत. तिनं मुद्दाम बिनवाटणाचं वरण आणि भात पाठवला, तर म्हणाल्या, भांडी तीच आहेत ना. बाकी सहा जण मात्र तिच्या बाजूनं उभे राहिले. हायमकाकांनी तर भर जेवणात सांगितलं की कमलच्या स्वैपाकघरात जी शिस्त आहे ती आमच्या आईच्याही नव्हती. घराचे व्यवस्थापक गुरुदास सर, पेडण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, भला माणूस. तेही म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यांनी डॉक्टर आणला. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारली, दोन प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन सांगितलं की या वयात नाकाची शीर बिघडते, मग मेंदू नसलेले वास काढतो. अशी माणसं कधी कधी जेवण सोडूनच देतात. मिलकाबाईंनी ते दाराआडून ऐकलं. ट्रंकेत त्यांचा खजुरांचा डबा होता, तो आणि स्वतःच्या लोट्यातलं पाणी, एवढ्यावर त्या राहिल्या. बुधवारी कमलाक्षीनं न सोललेलं केळं नेऊन दिलं. केळ्याला कसलं भांडं, कसलं काय. मिलकाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, ‘वेड्या माणसाला कशाला केळं?’

गुरुवारी कळलं की गुरुदास सरांनी मुंबईला त्यांच्या पुतण्याला फोन केला आहे आणि रविवारी तो गाडी घेऊन येणार आहे. तिकडं एक जागा आहे म्हणे, जेवत नाहीत अशांसाठी. नाकातनं नळी घालून भरवतात. सर हे सांगताना खाली बघत होते. कमलाक्षी वाल सोलत होती, ती सोलतच राहिली. आपल्याला बरं वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. आपल्यावरचा आळ गेला. घरातला एकही माणूस आपल्यावर शंका घेत नाही, शंका घेणारीच वेडी ठरली. मग बरं का वाटत नाही? ‘पण आहेत.’ तो आवाज काही केल्या जाईना. वेडं माणूस असं बोलतं? वेडं माणूस आधी ‘तू घातलेस असं मी म्हणत नाही’ म्हणेल? आणि दुसरी एक गोष्ट होती, ती तिला आता आठवून छळायला लागली. गेला महिनाभर मिलकाबाई रोज दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. घास तोंडात घोळवायच्या, थांबायच्या, म्हणायच्या, ‘कमल, यात काहीतरी ओळखीचं लागतंय ग. लहानपणीचं. काय ते सापडत नाही.’ आणि कमलाक्षी खूश व्हायची. रोह्याला त्यांच्या घराला लागून कोळ्यांची आळी होती, दारादारात सोडे वाळत, त्या आळीतल्या गमती त्याच सांगायच्या. सोमवारी मिलकाबाईंना ती चव सापडली होती, एवढंच झालं होतं काय?

तिनं तो विचार झटकला. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा तोंडावर आली होती, शंभू धोंड होता, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा व्रती, आणि रविवारपासून त्याचे व्रताचे दिवस चालू होते. तो घर सोडून बाकीच्या धोंडांबरोबर झरीवरच्या मांडवात राहायला गेला होता. नवी मडकी, नवी चूल, न्हाल्याशिवाय अन्नाला हात नाही. घरातही मासळी बंद. पावसाळ्यासाठी भरलेले पुरुमेंताचे डबे, सुके बांगडे, सुकी सुंगटं, सगळं तिनं शेजारणीकडं नेऊन ठेवलं होतं. या बंगल्यातला आठवड्याचा बेतसुद्धा तिनं शंभूसाठी चोरून बिनमाशांचा आखला होता. गुरुवारी संध्याकाळी ती मांडवात शहाळी पोचवायला गेली तेव्हा शंभू नुकता भात उतरवत होता. कुणाचं तरी रांगतं पोर सुटून आलं आणि त्यानं मडक्याला हात लावला. पोराची आई मेल्याहून मेली झाली. शंभू हसला. मडकं उचललं, दगडावर फोडलं, भात गुरांपुढं टाकला, झरीत डुबकी मारून आला आणि पुन्हा चूल पेटवायला बसला. दिवसभराचा उपाशी माणूस. कमलाक्षी लांब उभी राहून बघत होती. किती सोपं आहे यांचं, असं तिला वाटलं. चुकलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुकलं, फोडलं, न्हाला, झालं.

त्या मडक्यावरनंच शुक्रवारी तिला युक्ती सुचली. मिलकाबाईंना भांड्यांचाच संशय आहे ना? मग नवं मडकं. सकाळीच तिनं डिचोलीच्या बाजारातनं कोरं मडकं घेतलं, लाकडाचा नवा डाव घेतला. त्यांच्या देखत रांधू, त्यांच्या हातानं गॅस पेटवून घेऊ. बंगल्यात सकाळचं रांधून झाल्यावर दुपारी तिनं नारळ फोडला, खवला, धणे-मिरच्या काढल्या, आणि वाटायला बसण्याआधी, आज काहीच राहू नये म्हणून, एरवी थंड पाण्यानं धुवायची तो वाटणाचा दगडी रगडा उकळत्या पाण्यानं धुवायला घेतला. पातेलंभर आधण तिनं रगड्याच्या खळग्यात ओतलं. वाफ वर आली. कमलाक्षी जी वाकली होती ती वाकलेलीच राहिली.

वास आला तो लांबनं आल्यासारखा. रविवारपासून तिच्या घरात, तिच्या नाकात मासळी नव्हती. एरवी तो वास तिला आलाच नसता, जसा आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही. तिनं ते पाणी ओतून दिलं, दुसरं आधण आणलं, पुन्हा ओतलं. पुन्हा तोच. खळग्याच्या तळाशी, दगडाच्या काळ्या भेगेत, जिथं टाकी लावणारीची छिन्नी पोचली नव्हती तिथं तिनं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. किस्मूर. सुकी सुंगटं, खोबरं, चिंच. देवकीच्या हातची किस्मूर, जी कमलाक्षीनं सासरी पहिल्या दिवशी खाल्ली होती. रगडा देवकीचाच होता. आयुष्यभर त्यात तिनं सुकी सुंगटं रगडली होती, आणि तिच्यामागं कमलाक्षीनंही. पाडव्याच्या सुमाराला इथला मिक्सर जळला, आणि तसंही मिलकाबाई म्हणायच्या की मिक्सरचं वाटण म्हणजे खोबऱ्याचा नुसता चोथा, आमच्याकडं पाट्यावर वाटायचे. तेव्हा त्यांना आवडेल म्हणून तिनंच हौसेनं शंभूच्या ट्रकवर घालून हे धूड आणलं होतं. तसाच आणला नव्हता. चिंच-मिठानं घासला होता, टाकीवालीकडनं टाकी लावून घेतली होती, दोन दिवस उन्हात ठेवला होता, तांदूळ रगडून ते टाकून दिले होते. एवढ्यावर तिच्या घरी देवाचा नैवेद्य वाटला असता. दगड तो दगड, धुतला की शुद्ध, यात कुणाला काय विचारायचं असतं, असं तिला वाटलं होतं. सरांना विचारलं नाही, हजानना विचारलं नाही. मेल्यावरही सासूनं बोट घातलंच ताटात, असं तिच्या मनात आलं, आणि तिला हसू फुटलं.

पहिलं काय सुचलं असेल, तर रगडा हलवायचा. कुणाला काय कळतंय? माळ्याला हाक मारायची, दोघांनी मिळून मागच्या चिंचेखाली लोटून द्यायचा, सरांना सांगायचं मिक्सर आणा, माझी पाठ भरून येते. संपलं. सहा माणसं आनंदात जेवताहेत, त्यांना उगाच कशाला मेल्याहून मेलं करायचं? त्यांनी काय पाप केलं? ठाऊकच नाही तर पाप कसलं? ती मनाशी असं भराभर बोलत गेली आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी रविवारची गाडी फाटकाशी येऊन उभी राहायला लागली. रगडा गेला तरी मिलकाबाई जेवणार नव्हत्या, भांडी तीच. आणि जेवल्या असत्या तरी त्या वेड्या त्या वेड्याच. नळीनं भरवतील. त्या जिभेला, जिनं महिनाभर शोधून शोधून कोळ्यांची आळी ओळखली, त्या जिभेला बगल देऊन नळी नाकातनं खाली जाईल. आणि आपण सांगितलं तर? तर ही सात माणसं उद्यापासून आपल्या हातचं पाणी घेणार नाहीत. नोकरी जाईल त्याचं एक असो, खाण बंद पडली तेव्हा तेही बघून झालं होतं. पण सात ताटं, एकदम, बोटांच्या मागच्या बाजूनं. कमलाक्षी ओल्या रगड्याशेजारी फरशीवर बसली. बाहेर उन्हं उतरायला लागली होती. तिनं नवं मडकं उचलून कपाटावर ठेवलं, वाटणाचं खोबरं तसंच झाकलं, आणि सकाळचं जे तयार होतं, कालच्याच वाटणाचा बटाट्याचा रस्सा, डाळ, भाकऱ्या, ते सवयीनं वाढायला घेतलं. हात आपोआप चालत होते. आपण काय करतोय ते तिला कळत होतं आणि तरी ते चालत होते.

शुक्रवारचं टेबल नेहमीसारखंच मांडलं गेलं. पांढरी चादर, कापडाखाली दोन भाकऱ्या, तेलाचे दिवे अजून न लावलेले. हायमकाकांनी डोक्यावर टोपी चढवली होती. गुरुदास सर शुक्रवारी थांबायचे, ते दाराशी उभे होते. आणि आज मिलकाबाईंनाही आणून बसवलं होतं. रविवारी जायच्या म्हणून बाकीच्यांनी आग्रह केला असणार. त्या खुर्चीत एवढ्याशा झाल्या होत्या. ताटाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या अंबाड्यात अबोली नव्हती. पाच दिवसांत कुणी आणून दिली नव्हती, आणि रोज कोण आणून देतं, तर कमलाक्षीच. हे तिच्या लक्षात आलं आणि तिचे हात थांबले. सूर्य चिंचेच्या मागं गेला होता. दिवे लावायला कुणीतरी काडी हातात घेतली.

‘थांबा,’ कमलाक्षी म्हणाली. ‘जेवू नकात. आजी खरां सांगतत. सुंगटां आसत. माज्या रगड्यात आसत.’

मग बाकीचं तिनं कसं सांगितलं ते तिला नंतर आठवेना. रगडा घरचा, सासूचा, धुतलेला, टाकी लावलेला. आज गरम पाणी पडलं आणि वास आला. हायमकाकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. ‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं. पाडव्यापासून, ती म्हणाली. ‘म्हणजे पेसाहात पण,’ हायमकाका म्हणाले. प्रश्न नव्हता तो. पेसाहाच्या सणाला या माणसांनी घरातलं भांडं न् भांडं कल्हई करून घेतलं होतं, कपाटांचे कोपरे पिसानं झाडले होते, आणि सगळ्यांच्या मधोमध कमलाक्षीचा रगडा बसला होता. टेबलाच्या टोकाला कुणीतरी रडायला लागलं. ताटं सरकायला लागली. कमलाक्षीनं डोळे मिटले नाहीत, तिनं ते सगळं बघितलं. एक ताट, दुसरं ताट, आवाज न करता. तरी ती देवकीची तऱ्हा नव्हती. ही माणसं दोन्ही हातांनी ताट उचलून बाजूला ठेवत होती, जड असल्यासारखं. गुरुदास सर पुढं आले आणि म्हणाले, कमलाक्षी, तू आत जा, रविवारी बघू काय ते. ‘रविवारचं नंतर,’ हायमकाका म्हणाले, ‘आधी त्या पुतण्याला फोन लाव. दिवे लागले की शनिवार लागला, मग तो फोन उचलायचा नाही. त्याला सांग, म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे. आमचं नव्हतं.’ सर घाईघाईनं फोनकडं गेले. बाहेरून त्यांचं ‘हॅलो, हॅलो’ ऐकू येत राहिलं, आणि मग ते बोलायला लागले.

कमलाक्षी मात्र आत गेली नाही. मिलकाबाईंनी इतका वेळ ना विजयानं इकडंतिकडं पाहिलं होतं, ना तिच्याकडं. आता त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि लहान मुलानं म्हणावं तसं म्हणाल्या, ‘मला भूक लागली आहे.’

घरात खाण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. भांडी गेली, रांधलेलं गेलं, उद्यासाठी पत्र्यावर ठेवलेलंही गेलं. ओसरीवर केळ्यांचा घड टांगलेला होता, तो हायमकाकांनी स्वतः उतरवून पांढऱ्या चादरीवर मधोमध ठेवला. जो तो आपापलं केळं तोडून सोलायला लागला. सोलायला कुणाची मदत लागत नव्हती. मिलकाबाईंचीही बोटं अजून चांगली चालत होती. पण त्यांनी घडाला हात लावला नाही. त्यांनी तळहात वर करून कमलाक्षीपुढं धरला आणि तिच्याकडं नीट, डोळ्यांत बघत राहिल्या. कमलाक्षीनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. केळं तोडलं, सोललं, अर्ध्यावर सालीत धरून त्या हातावर ठेवलं. मिलकाबाईंनी घास घेतला. घोळवला. थांबल्या. सगळं टेबल खायचं थांबलं.

‘हे झाडावर पिकलेलं नाही,’ मिलकाबाई म्हणाल्या. ‘पूड लावून पिकवलंय.’

सहाच्या सहा म्हाताऱ्यांनी आपापल्या हातातल्या केळ्याकडं पाहिलं. कुणी म्हणून शंका काढली नाही. ‘व्हय आजी, बाजारातलां,’ कमलाक्षी म्हणाली. मिलकाबाईंनी ते केळं संपवलं, साल टेबलावर ठेवली आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.